सोमवारचा वास

१

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तिने गाडीची किल्ली फिरवली आणि पुढच्याच क्षणी खाली उतरून, मागचं दार उघडून, नऊ वर्षांच्या लेकीला दंडाला धरून बाहेर ओढलं. दप्तर उलटं झालं. कंपासपेटी फरशीवर आपटून उघडली आणि पेन्सिली शेजारच्या गाडीखाली गडगडत गेल्या.

"आई, दुखतंय!"

"लांब हो. त्या भिंतीपाशी जा."

पेट्रोलचा वास होता. उग्र, गोडसर, घशाच्या मागे जाऊन बसणारा. पंपावर येतो तसा हवेवर तरंगणारा नव्हे. कुणीतरी बाटली फोडून सीटखाली ओतावी तसा. इंजिन चालूच होतं. तिने श्वास कोंडून हात आत घातला, किल्ली उलटी फिरवली आणि चारही दारं सताड उघडी टाकली.

तिसऱ्या मजल्यावरून नवरा धावत खाली आला. अर्ध्या गालाला दाढीचा फेस तसाच. त्याने गाडीत डोकं घातलं, इकडेतिकडे बघितलं, नाकाने दोनदा हवा ओढली.

"कुठंय वास?"

"आत्ता होता. दारं उघडली म्हणून गेला असेल."

"अगं, पण मला काहीच येत नाहीये."

"मला आला होता," लेक भिंतीजवळून म्हणाली.

"तू गप. आईला आला की तुला येतोच." मग आवाज खाली आणून तो बायकोला म्हणाला, "हे बघ, दोनदा गॅरेजला दाखवली ना? काही निघालं? नाही निघालं. तू एकदा डॉक्टरांना दाखवून घे. नुसतं दाखवायला काय हरकत आहे?"

गेल्या तीन महिन्यांत हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की ते संपायच्या आतच तिचं डोकं सुन्न व्हायचं.

नवरा वर गेला. ती गुडघ्यांवर बसून गाडीखालच्या पेन्सिली काढू लागली, तेव्हा समोरून आलेल्या एका काठीने एक हिरवी पेन्सिल अलगद तिच्याकडे ढकलली. तळमजल्यावरचे सर्व्हेअर होते. विमा कंपनीच्या कामासाठी जळालेल्या गाड्या तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यापासून सकाळचा अर्धा तास ते पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालायचे.

"मागच्या वेळी हा वास आला, तो वार कोणता होता?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही, काका. पण तुम्ही तरी सांगा. तुम्ही इथेच होतात ना? तुम्हाला आला की नाही?"

म्हातारा जरा ओशाळून हसला. "मला विचारून काय उपयोग? माझं नाक अठरा वर्षांपूर्वी गेलं. धूर, रबर, प्लास्टिक, आयुष्यभर हेच हुंगलं. आता गुलाब आणि गटार, मला दोन्ही सारखंच."

२

संध्याकाळी ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. कामावर बसने जाऊन आली होती, कारण सर्व्हेअरांनी सकाळीच बजावलं होतं, की खुलासा होईपर्यंत गाडीला किल्ली लावायची नाही. "भास असेल तर चार दिवस बसचा त्रास. भास नसेल तर मी अशा गाड्या पाहिल्यात, ताई. म्हणजे त्यांचं जे काही उरतं, ते पाहिलंय."

"काका, मी नोकरी काय करते ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"साबणाच्या कारखान्यात."

"तिथे मी वास तपासते. प्रत्येक घाण्याचा साबण बाहेर पडायच्या आधी माझ्याकडे येतो. मी हो म्हटलं तर पुढे जातो, नाही म्हटलं तर परत वितळतो. कारखान्यात मला 'मॅडम नाक' म्हणतात. तोंडावरसुद्धा." ती हसली, पण हसू फार टिकलं नाही. "तीन महिन्यांपूर्वी मला ताप आला. अकरा दिवस कसलाच वास येत नव्हता. परत यायला लागला तेव्हा सगळा विचित्र. कॉफीला जळक्या टायरचा वास. हळूहळू सुधारलं म्हणा. पण गाडीतला वास सुरू झाला तो त्या तापानंतरच. त्याआधी एकदाही नाही."

"आणि इतरांना येत नाही."

"नवऱ्याला येत नाही. मिस्त्रीला येत नाही. आणि ऐका, नवरा सोबत असला की मलाही येत नाही! तीन-चारदा तो म्हणाला, तू आवरून ये, मी पोरीला घेऊन खाली जातो आणि गाडी सुरू करून बघतो. मी खाली येईपर्यंत इंजिन चालू. तो म्हणतो, ये, बस, सांग कुठंय. मी बसते. काही नाही. मग मी एकटी असले की पुन्हा हजर. तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?"

ती बोलतच राहिली, कारण खरी गोष्ट अजून बाहेर आली नव्हती.

"माझ्या आईला शेवटची सहा वर्षं काही आठवत नव्हतं. मलाही ओळखायची नाही. ते सुरू कसं झालं माहीत आहे? तिला धुराचा वास यायला लागला. उठसूट धावत स्वयंपाकघरात जायची, गॅस बंद, काही नाही. आम्ही हसायचो." तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. "हा बदलीचा अर्ज. पॅकिंगमध्ये. ज्या नाकाचा मलाच भरवसा नाही, त्या नाकावर लोकांचा माल कसा अडवू?"

सर्व्हेअर उठले. कपाटातून त्यांनी सात छोट्या बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. सगळ्या सारख्या, तपकिरी. प्रत्येकीच्या बुडाला चिठ्ठी चिकटवलेली.

"दुपारभर हाच उद्योग केला. डोळे मिटा."

पहिली तिने नाकाखाली धरली, न धरली तोच म्हणाली, "व्हिनेगर." दुसरी, "बूटपॉलिश. काळं." तिसरी, "नेलपॉलिश काढायचं ते." चौथी, "कॉफी, आणि जुनी आहे, फेकून द्या." पाचवी, "रॉकेल." सहावीला तिचा चेहरा आपोआप मागे गेला. "पेट्रोल. हाच. अगदी हाच."

सातवी तिने दोनदा हुंगली. "यात काही नाही. पाणी आहे. पण बाटलीत आधी खोकल्याचं औषध होतं."

सर्व्हेअरांनी एकेक बाटली उलटून चिठ्ठ्या वाचल्या. सातवी वाचून ते कितीतरी वेळ बाटलीकडेच बघत राहिले.

"ही मी चार पाण्यांनी धुतली होती," ते म्हणाले. "ताई, तुमचं नाक ठणठणीत आहे. म्हणजे वास गाडीत आहे. मग प्रश्न असा, की तुमच्या यजमानांना तो का येत नाही?"

३

या प्रश्नाने तिला हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. आजवर एकच कोडं होतं, आता दोन झाली. नवऱ्याच्या नाकाला काही झालं असेल का? की काकांनी तिला बरं वाटावं म्हणून बाटल्या सोप्या ठेवल्या?

मंगळवारी सकाळी सर्व्हेअरांनी शोध सुरू केला तो शेजारच्या गाडीपासून. ती गाडी होती ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची. मास्तर पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे. त्यांच्या डिकीत एक प्लास्टिकचा कॅन आणि दोन हात लांबीची पारदर्शक नळी आहे, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. कॅन, नळी आणि शेजारी दुसऱ्याची टाकी. संशय घ्यायला आणखी काय लागतं?

"म्हणजे मी पेट्रोल चोरतो?" मास्तर लालबुंद झाले. "अहो, माझ्याकडे मासे आहेत! टाकीतलं पाणी बदलायला लागते ती नळी. स्कूलमध्येही एक टाकी ठेवलीय, म्हणून डिकीत असते."

सर्व्हेअरांनी नळी तिच्या हातात दिली. तिने हुंगली.

"शेवाळ," ती म्हणाली. "आणि माशांचं खाणं. पेट्रोलचा थेंबसुद्धा लागलेला नाही, काका. सॉरी हं, मास्तर."

मास्तरांचा राग एकदम उतरला. ज्याच्यावर आळ येतो आणि लगेच जातो, तो माणूस मग मदतीला फार उत्साही होतो. "तुमच्या गाडीचं एक सांगू का? मी दिवसाला बारा नवशिक्यांचे स्टार्टर ऐकतो. कान तयार झालाय. तुमची गाडी सोमवारी लवकर लागत नाही. खर्रर्र, खर्रर्र, तिसऱ्या-चौथ्या खेपेला घेते. मंगळवारी जरा बरी. गुरुवार-शुक्रवारी एका झटक्यात."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी. माझी पहिली बॅच पावणेआठची असते, मी इथेच असतो."

तिथून दोघं चालत गॅरेजला गेले. मिस्त्री कसलीतरी गिअरपेटी उघडून बसला होता. त्याने हात पुसत पुसत आधीच बाजू मांडली. "बाई, मी बोनेटखालचा एकन् एक पाइप बघितलाय. क्लॅम्प बघितले. इंजेक्टरचे सील बघितले. टाकीचं झाकण बदललं. आणखी काय करू? वास येईल तर शोधीन ना."

"गाडी तुझ्याकडे कोणत्या वारी आली होती?" सर्व्हेअरांनी विचारलं.

मिस्त्रीने वही चाळली. "गुरुवार. आणि ही दुसरी वेळ... गुरुवारच."

"गुरुवारी माझा अर्धा दिवस असतो," ती म्हणाली. "म्हणून."

परत येताना सर्व्हेअर रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी हलले नाहीत.

"ताई, या तीन महिन्यांत एखादा आठवडा असा गेला का, की सोमवारीही वास आला नाही?"

"गेला ना. एकच. मला वाटलं, बरी झाले मी. इतका आनंद झाला होता, की कारखान्यात पेढ्यासारखे साबण वाटायचे बाकी होते." तिने आठवायचा प्रयत्न केला. "गेल्या महिन्याचा दुसरा आठवडा. कारण त्याच आठवड्यात अण्णांच्या डोळ्याचं..."

ती बोलता बोलता थांबली.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि पूर्ण आठवडा त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. एरवी दर रविवारी दुपारी ते गाडी घेऊन बाहेर जायचे. एकटेच.

४

तिला ते विचारवेना. अण्णांशी तिचं भांडण असं कधी नव्हतं; पण यंदा पावसाळ्यात त्यांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती, आणि ती रागाच्या भरात बोलून गेली होती, "आता आणखी एक काही झालं, तर किल्ली माझ्याकडे राहील, अण्णा." म्हातारा त्या दिवशी जेवताना एक अक्षर बोलला नव्हता.

ते रविवारी गाडीत करतात तरी काय? पेट्रोल काढून विकतात? छे. आत कॅन ठेवतात? कशाला? जो विचार येई, तो आधीच्यापेक्षा वेडगळ वाटे. शेवटी सर्व्हेअरच बुधवारी संध्याकाळी वर आले आणि अण्णांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"रविवारी कुठे जाता हो, अण्णासाहेब?"

"पंपावर. पेट्रोल भरायला. आणखी कुठे?" अण्णांनी काळा चष्मा काढला. "सूनबाई आजारी पडली तेव्हापासून ते काम मी घेतलंय. आधी तीच भरायची, येता-जाता, थोडंथोडं. मला ते पटायचंच नाही. घरात बसून मी तेवढं तरी करावं की नको?"

"टाकी पूर्ण भरता?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण!" अण्णा ताठ बसले. "एकतीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवली मी. आमचा नियमच होता, ड्यूटी संपली की टाकी गळ्यापर्यंत. पुढचा कॉल कुठून येईल सांगता येत नाही. पंपावरचा पोरगा नळी टक् करून थांबली की काढायला बघतो. मी म्हणतो, थांब बाबा, टकटक करत राहा, अजून बसतंय. पेट्रोल डोळ्याला दिसलं पाहिजे. मग झाकण."

"ऑपरेशनच्या आठवड्यात कोणी भरलं?"

"माझ्या मुलानेच. टक् झालं की आला परत. अर्धवट."

सर्व्हेअर खुर्चीतून उठले आणि त्यांनी चक्क अण्णांचे दोन्ही हात धरून हलवले. अण्णा गोंधळले. ती तर पुरतीच गोंधळली.

"काका, टाकी भरून ठेवणं यात वाईट काय?"

"तुमच्या अण्णांच्या जुन्या अ‍ॅम्ब्युलन्सला काहीच वाईट नव्हतं. पण आताच्या गाडीत टाकीत वरच्या बाजूला थोडी जागा मोकळी लागते. पेट्रोलची वाफ होते ना, ती बाहेर सोडायची नाही म्हणून एका नळीने कोळशाच्या डब्यात नेतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. गाडी चालायला लागली की एक व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. डबा वाफेसाठी आहे. काठोकाठ भरलंत की त्यात वाफ जात नाही, पेट्रोलच जातं. कोळसा भिजून चिखल. त्याचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकले, की तो बंदच होत नाही. मग सोमवारी किल्ली फिरवली की काय होणार?"

"इंजिनात नको तितकं पेट्रोल," अण्णा पुटपुटले. शेवटी ते ड्रायव्हरच होते. "ओकणार ते. लवकर लागणार नाही."

"आणि वास आत. दोन-तीन दिवस गाडी चालली, टाकी उतरली, डबा वाळत गेला, की गुरुवारपर्यंत सगळं छान. मिस्त्री गुरुवारी हुंगतो, त्याला काय मिळणार? आता हे सगळं माझ्या डोक्यात आहे. गाडीत आहे की नाही, ते बघायचं राहिलंय."

शनिवारी सकाळी मिस्त्रीने गाडी दोरीने ओढून नेली. सोमवारपासून ती हललीच नव्हती, त्यामुळे जे होतं ते जसंच्या तसं असणार होतं. मिस्त्रीने व्हॉल्व्ह सोडवून, कपड्याने पुसून सर्व्हेअरांच्या हातात दिला. सर्व्हेअरांनी एका टोकाला छोटी रबरी नळी जोडली आणि फुंकली.

"याला करंट नाही, म्हणजे हा घट्ट बंद हवा. हवा पलीकडे जायलाच नको."

पलीकडच्या टोकाला तिने तळहात धरला होता. हातावर गार झुळूक आली.

मग डबा. सर्व्हेअरांनी घरून स्वयंपाकाचा काटा आणला होता. नवा, कोरा डबा नऊशे दहा ग्रॅम भरला. जुना दीड किलोच्या वर गेला, आणि मिस्त्रीने तो कानाशी हलवला तेव्हा आत चक्क डुचमळलं. तिने वाकून वास घेतला आणि डोळे मिटले. तीन महिने जो वास ती एकटी घेत आली होती, तो आता टेबलावर होता. त्याला वजन होतं.

"आयला," मिस्त्री म्हणाला. "बाई, चुकलो मी. सोमवारी बोलवायला पाहिजे होतं तुम्हाला."

मिस्त्री नवा डबा बसवायला गाडीखाली शिरला. तिने सर्व्हेअरांकडे बघितलं. त्यांनी हसायला हवं होतं. पण ते लेकीकडे बघत होते. लेक गॅरेजच्या पायरीवर जुन्या नटबोल्टांचे मनोरे रचत होती.

"मघाशी इथे येताना ती मला एक बोलली," सर्व्हेअर हळू आवाजात म्हणाले. "हे मी सांगू की नको, तेच मला दोन तास कळत नाहीये."

"काय बोलली?"

"मी तिला सहज विचारलं, बाबा गाडी सुरू करतात तेव्हा तू कुठे असतेस? म्हणाली, पायरीवर. मग म्हणाली, बाबा किती वेडे आहेत, एवढ्या थंडीत आधी चारही काचा खाली करतात, पंखा मोठा सोडतात आणि मग किल्ली फिरवतात. आई जिन्यात दिसली की काचा वर."

तिला लगेच अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तिने गॅरेजच्या पत्र्याला हात टेकला.

ज्याला वास येत नाही, तो माणूस कडाक्याच्या थंडीत काचा उघडून ठेवत नाही.

५

रविवारी दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली होती. अण्णा आतल्या खोलीत पडले होते. नवरा टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला होता, आणि ती त्याच्या समोर बसली.

"पहिल्यांदा तुला वास कधी आला?"

"कसला वास? अगं, सापडलं ना ते आता? डबा..."

"तुला कधी आला, ते विचारतेय मी."

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. तिला वाटलं, नाही म्हणेल. आणि नाही म्हणाला असता तर तिने बहुधा त्यावरही विश्वास ठेवला असता, इतकी तिला सवय झाली होती.

"पहिल्याच आठवड्यात," तो म्हणाला. "सोमवारी. तू बोलावलंस आणि मी खाली गेलो तेव्हा."

"मग?"

"टाकीच्या झाकणाखाली ओघळ होता. ओला. मला वाटलं, अण्णांचा हात आता थरथरतो, भरताना सांडतात. मी पुसून टाकला. पावसाळ्यात तू म्हणाली होतीस ना, आणखी एक काही झालं तर किल्ली काढून घेईन. त्यांच्याकडे आता ती किल्लीच तर उरलीय. म्हटलं, मी गुपचूप बोलतो त्यांच्याशी. ते थांबेल. मग तुला सांगायची वेळच येणार नाही."

"बोललास?"

त्याने वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडली.

"तीन महिने. तीन महिन्यांत एकदा बोलला नाहीस?"

"कसं बोलू? बापाला कसं सांगू, तुमचा हात..."

"आणि मला सांगता आलं? डॉक्टरांना दाखव, हे सांगता आलं?" तिचा आवाज चढला नव्हता. तिलाच त्याचं नवल वाटत होतं. "माझ्या आईचं तुला माहीत होतं. तिला धुराचा वास यायचा, ते मी लग्नाआधी तुला सांगितलं होतं, दुसऱ्या कोणालाच नाही. दर सोमवारी मी गाडीत बसून मनात पाढे म्हणायचे. सतराचा, एकोणीसचा. येतात का अजून, बघायला."

नवऱ्याने मान खाली घातली. "इतकं माझ्या लक्षात नाही आलं गं. खरंच नाही आलं."

"थरथरतो?"

दोघांनी वळून बघितलं. अण्णा दारात उभे होते. त्यांनी दोन्ही हात पुढे करून धरले होते, बोटं पसरून, आणि ते हात भिंतीसारखे स्थिर होते.

"बघ. नीट बघ. कुठे थरथरतो? त्या खांबाला गाडी घासली ती डोळ्यामुळे. डोळा झाला आता. एकतीस वर्षांत मी एक थेंब सांडला नाही. ओघळ आला तो गळ्यापर्यंत भरल्याने आला असेल. तू मला विचारलंस का? एका शब्दाने?"

"अण्णा, मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी!" म्हातारा खुर्चीत बसला. बसल्यावर मात्र त्याचा जोर गेला. "मला म्हातारा ठरवलंस आणि हिला वेडी. आणि हे सगळं आमच्याच भल्यासाठी."

मग अण्णा तिच्याकडे वळले. "सूनबाई, डबा माझ्यामुळे बिघडला. ते माझं. पण मला ठाऊक नव्हतं गं, तुला असं काही वाटतंय. मला कोणी सांगितलंच नाही."

"मी तरी कुठे सांगितलं, अण्णा," ती म्हणाली. "आणि किल्लीचं मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. ती तुमच्याकडेच राहू दे. फक्त टक् झालं की थांबायचं."

"थांबेन. एकतीस वर्षांची सवय आहे, पण थांबेन."

तिने पर्समधून बदलीचा अर्ज काढला, दोन तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. नवरा तिच्या मागोमाग आला आणि तिथेच, ओट्याशी, अवघडून उभा राहिला.

"माफ कर," तो म्हणाला.

"करीन बहुतेक," ती म्हणाली. "आज नाही."

६

सोमवारी सकाळी थंडी होतीच. नवरा आज लवकर तयार होऊन तिच्याबरोबर खाली उतरला. का, ते त्याने सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. लेक मागे बसली. तो पुढे, शेजारच्या सीटवर. काचा चारही बंद.

सर्व्हेअर आपल्या येरझाऱ्या थांबवून फाटकाशी उभे होते. शनिवारीच त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की नळीत आधीचं थोडं राहिलेलं असतं, एक-दोन दिवस पुसटसा वास येईल, घाबरायचं नाही. हे त्यांनी फक्त तिलाच सांगितलं होतं.

तिने किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं. पलीकडे मास्तरांनी आपल्या नवशिक्या विद्यार्थिनीला थांबवून अंगठा वर केला.

वास होता. नसल्यासारखाच, धाग्याएवढा, पंख्याच्या झडपेतून आला आणि विरला. इतका बारीक, की कारखान्यातल्या दुसऱ्या कोणालाही तो लागला नसता. ती काही बोलली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिली.

शेजारी नवऱ्याने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला, या वेळी डोळे मिटून, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. नाही म्हणणं आता अगदी सोपं होतं. गाडी दुरुस्त झाली होती, सगळे खूश होते आणि मुलीला शाळेला उशीर होत होता.

"येतोय," तो म्हणाला. "अगदी बारीक आहे. पण येतोय."

तिने त्याच्याकडे वळून बघितलं. आठवड्यात पहिल्यांदाच नीट बघितलं.

"हो," ती म्हणाली. "मलाही येतोय."

आणि तिने आपल्या बाजूची काच खाली करून गाडी फाटकाबाहेर काढली.